खोबरेल गोठायचे दिवस

‘अगो, तेल गोठला. थंडी इली!’

आमच्या घरात हिवाळा असा जाहीर व्हायचा. मुंबईत वेधशाळा दोन, एक कुलाब्याला आणि एक सांताक्रूझला. दोन्हीकडचं किमान तापमान दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, पण कांजूरचं कुणी छापत नसे. ते काम आजीकडे होतं. पहाटे चूळ भरून झाली की ती फळीवरची खोबरेलाची बाटली उचलून दिव्याखाली धरायची. तेल पातळ असलं तर मुकाट्यानं जागेवर ठेवायची. तळाशी पांढरट ढग दिसला तर नुसतं ‘हं’ करायची. आणि बाटली पालथी करूनही आतलं हललं नाही, की शिरोड्याहून, माहेराहून आणलेल्या मालवणीत ही घोषणा. आम्ही चौघं भावंडं ती ऐकून गोधडीत आणखी आत सरकायचो.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं हे पुढे शाळेत कळलं. म्हणजे आजीची वेधशाळा फार हळवी होती. तेवढ्या तापमानाला स्कॉटलंडमधला माणूस अंगातला कोट काढून बागेत जाऊन बसेल.

स्कॉटलंड मध्येच कुठून आलं, तर ताईच्या मुलीमुळे. ती अबर्डीनला शिकायला गेली होती. २०२१ च्या फेब्रुवारीत तिनं आम्हा चौघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे दुपारचे साडेतीन, तिच्याकडे सकाळचे दहा. दादा मुलुंडला, ताई डोंबिवलीला, धाकटा पुण्याला आणि मी आईसोबत अजून कांजूरलाच. टाळेबंदीनं चौघांना चार घरांत बसवलं होतं. तिनं फोन खिडकीबाहेर धरला. वर निळंभोर आकाश, स्वच्छ ऊन, आणि खाली रस्त्याच्या कडेला घट्ट दाबलेला पांढरा बर्फ. ‘आठ दिवस झाले मावशी, रोज असंच ऊन पडतंय, पण हा हलायचं नाव घेत नाही.’

क्षणभर कुणी बोललं नाही. मग दादा म्हणाला, ‘अगं, हे तर आपलं मिठागर.’ ताई म्हणाली, ‘छे, हे बाटलीतलं खोबरेल.’ आणि पुढचा दीड तास त्या बिचारीला एक शब्द बोलता आला नाही.

त्या दीड तासात चौघांच्या तोंडून जे निघालं, ते इथे एकत्र केलं आहे. कोणतं वाक्य कुणाचं हे आता मलाच सांगता येणार नाही.

आम्ही कांजूरला राहायला आलो १९६९ मध्ये. कांजूरमार्ग स्टेशन त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं. त्याआधी विक्रोळीला नाहीतर भांडुपला उतरून चालत यावं लागायचं असं शेजारचे सांगायचे आणि स्वतःच स्टेशन बांधल्यासारखे खूश व्हायचे. बाबा जवळच्याच कारखान्यात फिटर होते. पूर्वेला, गावाच्या अंगाला एक बैठी चाळ होती, तिच्यात दीड खोली. पुढे लाकडी कठड्याचा ओटा, मागे मोरी. माणसं आठ, कारण आजी आजोबांना घेऊन आली होती की आजोबा आजीला, यावर त्या दोघांचं एकमत नव्हतं.

त्या वेळच्या कांजूरचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणला की थंडीचं गणित समजतं. पश्चिमेला पवईचे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे तलाव नि जंगल. मधे आग्रा रोड, म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग, त्याला लागून कारखाने. मग रेल्वे. मग आम्ही. मग द्रुतगती महामार्ग, त्याच्या पलीकडे मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. शाळेत भूगोलाच्या बाईंनी खारे वारे आणि मतलई वारे शिकवले तेव्हा आम्हाला पाठ करावं लागलं नाही. पहाटे पूर्वेकडून, जमिनीवरून सुटणारा मतलई वारा खाडीच्या चिखलावरून थेट आमच्या ओट्यावर यायचा. त्याला चिखलाचा आणि शेवाळाचा वास असायचा. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून निघायचा, पण हिवाळ्यात त्याला उशीर व्हायचा, आणि अख्खी मुंबई ओलांडून डोंगराला वळसा घालून आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा दम गेलेला असायचा. त्यामुळे आमची सकाळ लांबायची. सात वाजता स्वेटर आणि दीड वाजता पंखा हे मुंबईच्या हिवाळ्याचं खरं रूप. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि सावलीत गेलं की अंगावर शहारा.

बाबा थंडीचा अंदाज बातम्यांवरून बांधायचे. रेडिओवर काश्मीरमध्ये, हिमाचलमध्ये बर्फ पडल्याची बातमी आली की ते म्हणायचे, ‘परवा-तेरवा आपल्याकडे.’ आम्हाला वाटायचं बाबांना काहीतरी सिद्धी आहे. पश्चिमेकडून येणारे हवेचे झंझावात हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतात आणि त्यांच्या पाठीमागून उत्तरेचं कोरडं, गार वारं राजस्थान-गुजरात ओलांडत खाली उतरतं, हे त्यांनी कधी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. कारखान्यात एक पंजाबी सहकारी होते. त्यांच्या गावाकडच्या पत्रांवरून बाबांनी हे ताडलं होतं. म्हणजे कांजूरच्या चाळीतली गोधडी ज्या थंडीसाठी निघायची ती मूळची बर्फातूनच आलेली असायची. बर्फ तेवढा वाटेत राहायचा.

आईकडे एक जुनी थंडी होती. ती दर वर्षी एकदा तरी बाहेर निघायची. जानेवारी १९६२, दादा दीड वर्षाचा, बिऱ्हाड परळला. ‘ह्याला मी तुझ्या बाबांच्या लग्नाच्या कोटात गुंडाळला होता. बटणं लावून.’ त्या महिन्याच्या २२ तारखेला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर गेला होता. मुंबईतला तो नीचांक अजून मोडलेला नाही. २००८ च्या फेब्रुवारीत पारा पुन्हा दहाच्या खाली उतरला, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं, तेव्हा आईनं शांतपणे विचारलं, ‘सातावर गेलाय का?’ नाही म्हटल्यावर तिनं चॅनल बदलायला सांगितलं. रेकॉर्ड तिच्या घरातलं होतं.

आता बाटली. ती काचेची होती, पिवळसर, अरुंद गळ्याची. उन्हाळ्यात तिच्यातून तेल कसं सांडेल याची काळजी आणि हिवाळ्यात कसं निघेल याची. गोठलेल्या खोबरेलाचा रंग पाहिलाय कधी नीट? दुधासारखा नाही, मेणासारखा नाही. आत थोडीशी निळसर झाक असते आणि काचेला लागून बारीक नक्षी उमटते, फुलं काढल्यासारखी. ताई ती नक्षी रोज बघायची आणि रोज वेगळी असते म्हणायची. ते बाहेर काढायची ज्याची त्याची रीत होती. आई केसांतला आकडा घालायची. दादा खराट्याची काडी. धाकटा थेट करंगळी घालायचा आणि एकदा ती अडकली होती. शाळेची घाई असेल तर बाटली बंबाच्या कुशीला टेकवून ठेवायची. सुट्टीच्या दिवशी मात्र तिला रीतसर उन्हात न्यायचं.

ओट्यावर ऊन साडेसात-आठला यायचं. समोरच्या चाळीच्या कौलांवरून उतरत आधी आमच्या कठड्यावर, मग जमिनीवर. जेमतेम दोन हात रुंदीचा पट्टा. त्या पट्ट्यात पहिला मान बाटलीचा, दुसरा आजोबांचा, आणि उरलेल्या जागेत आम्ही चौघं. ऊन सरकायचं तशी बाटली सरकवायची, चटई सरकवायची, आजोबांना ‘सरका’ म्हणायची मात्र हिंमत नव्हती, ते आपणहून खुर्ची घेऊन हलायचे. तेल कडेनं सुटायला लागायचं. आधी काचेलगत एक पातळ पारदर्शक रेघ, मग मधला पांढरा गोळा मोकळा होऊन तरंगायचा. तो गोळा कोणाच्या बोटाच्या धक्क्यानं किती डोलतो याच्या शर्यती लागायच्या. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर उघडं असायचं, कारण मार्चमध्ये परीक्षा. आमच्या चौघांच्याही एसएससीचा इतिहास-भूगोल त्या पट्ट्यात पाठ झालाय.

ती बाटली एकदा फुटली. कुणीतरी घाईनं तिच्यावर उकळतं पाणी ओतलं, टक्क असा आवाज आला, आणि मोरीत काच, पाणी आणि पांढरा गोळा, तोही बाटलीच्याच आकाराचा, जसाच्या तसा उभा. इथपर्यंत चौघांना सारखंच आठवतं. पाणी ओतलं कुणी, यावर पन्नास वर्षं झाली तरी निकाल नाही. दादा म्हणतो ताईनं, ताई म्हणते दादानं. धाकटा म्हणतो मी, म्हणजे तो माझं नाव घेतो. माझं मत विचाराल तर ते पाणी आईनंच ओतलं असावं, कारण त्या दिवशी कोणालाही मार बसला नाही. आजीनं तेवढा गोळा उचलला, काचेचे कण निघेपर्यंत वितळवून दोन वेळा गाळला आणि देवापुढच्या निरांजनाला वापरला. वाया काही जायचं नाही.

घरात आणखी एक पांढरी, घट्ट वस्तू थंडीत यायची. टाचांच्या भेगांसाठी कोकमाचं तेल. त्याला तेल म्हणतात, पण ते तेलासारखं कधीच वागत नाही. मुठीत दाबून केलेला फिका, टणक गोळा, त्यावर बोटांचे वळ उमटलेले. गावाकडून कुणी येणार असलं की आजी सांगून पाठवायची. रात्री झोपताना तो चिमणीच्या काचेवर जरा धरायचा आणि मऊ झालेली कड टाचेवर घासायची. एका गोळ्यात आठ माणसांच्या सोळा टाचा होळीपर्यंत निभायच्या.

स्वेटर मात्र चौघांत मिळून दोन होते. म्हणजे लोकर दोनच स्वेटरांची. दादाला आखूड झाला की आई तो उसवायची. उसवलेली लोकर कुरळी, शेवयांसारखी, ती किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायची आणि त्यात दुसऱ्या रंगाचा धागा घालून ताईला नवा विणायचा. त्याच लोकरीचा पुढे माझा झाला आणि शेवटी धाकट्याची कानटोपी. ‘मला दादाचा स्वेटर मिळाला’ असं धाकटा अजून सांगतो. ते खरंच आहे, फक्त तो डोक्यावर मिळाला.

संक्रांतीच्या आधी आठवडाभर हलवा. पितळी परात मंद शेगडीवर, परातीत तीळ, आणि बाजूला साखरेचा पाक. चमच्यानं थेंब थेंब पाक टाकायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. घाई केली की गोळा, जाळ वाढला की पिवळा. हवा कोरडी आणि गार असली तरच त्याला काटा फुटतो. म्हणून आई हलव्याला पहाटे बसायची, दार उघडं टाकून, मतलई वाऱ्यात. आम्ही कुडकुडत दाराशी. ‘आला का गं काटा?’ असं आजीनं आतून विचारलं, की आई परातीकडे न बघता आमच्या उघड्या हातांकडे बघायची आणि म्हणायची, ‘पोरांना आला. हलव्याला येईल आता.’

आणि मग मिठागरं. दादाला तो बर्फ पाहून जे आठवलं ते.

हमरस्त्यावर तेव्हा गाड्या इतक्या तुरळक होत्या की धाकट्याला पाठुंगळीला घेऊन आम्ही तो चालत ओलांडायचो. पलीकडे उतरलं की पायाखालची माती बदलायची. करडी, भेगाळलेली, ओठांना खारट लागणारी हवा. बांधांनी आखलेले चौकोन खाडीपर्यंत पसरलेले. पावसाळ्यात हे सगळं एक तळं असायचं. दिवाळीनंतर बांध-बंदिस्ती व्हायची, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून टणक करायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडी उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. ते मोठ्या वाफ्यांत तापत ठेवायचं, दाट झालं की पुढच्या वाफ्यात, आणखी दाट झालं की त्याच्या पुढच्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. म्हणजे बाकी सगळं उडवून लावायचं काम उन्हाचं आणि कोरड्या वाऱ्याचं. आमच्या टाचा फोडणारं ते उत्तरेचं वारं मिठागराला मात्र लाभायचं.

शेवटच्या उथळ वाफ्यात पाण्यावर आधी साय धरायची. खरंच साय, दुधावर यावी तशी. मग तिचे बारीक चौकोनी कण तळाला बसायचे. आगरी बाया-पुरुष लांब दांड्याच्या फळीनं ते कडेला ओढायचे, पाटीत भरायचे आणि डोक्यावरून बांधावर नेऊन ओतायचे. जानेवारी संपता संपता बांधावर पहिल्या राशी उभ्या राहायच्या आणि फेब्रुवारीच्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नसे, डोळे दिपायचे. आमच्या चाळीतल्या एकानंही बर्फ पाहिला नव्हता. सिनेमात पाहिला होता तेवढाच. पण मुलं खेळायची ते काश्मीर-काश्मीर, आणि काश्मीर म्हणजे मिठाची रास.

तिच्यावर चढायला मात्र बंदी होती. मिठागराचे मुकादम लांबूनच ओरडायचे. एकदा दादा चढला. त्याला वाटलं होतं पाय आत रुतेल, वाळूसारखा. पाय रुतलाच नाही. रात्रीच्या दवानं राशीचा वरचा थर किंचित विरघळायचा, दिवसाच्या उन्हानं तो पुन्हा धरायचा. असं रोज होऊन होऊन वर कवच तयार झालं होतं, काँक्रीटसारखं. दादा त्यावरून घसरत थेट खाली आला. गुडघे सोलवटले आणि सोललेल्या गुडघ्यांत मीठ गेलं. जखमेवर मीठ चोळणे या वाक्प्रचाराचा अर्थ आमच्या घरात फक्त दादाला पूर्ण कळलाय.

‘थांब थांब मामा,’ अबर्डीनहून आवाज आला. ‘हे तर इथल्यासारखंच आहे, फक्त उलटं.’

मग तिनं तिचा बर्फ समजावून दिला. ताजा पडतो तेव्हा तो भुसभुशीत असतो, त्यात बहुतेक सगळी हवाच. माणसांच्या पायांनी, गाड्यांच्या चाकांनी तो दाबला जातो, हवा निघून जाते. दुपारच्या उन्हात वरचा पापुद्रा पाझरतो आणि रात्री पुन्हा गोठतो. चार दिवसांत त्याची लादी होते. म्हणजे मिठाची रास रात्री सुटायची आणि दिवसा धरायची, हा दिवसा सुटतो आणि रात्री धरतो. आमचं खोबरेलही त्याच वेळापत्रकाचं. पण खोबरेलाला दोन हात ऊन पुरायचं, मग याला दिवसभराचं ऊन का पुरू नये, असं धाकट्यानं विचारलं. त्याचं उत्तर दादानं कागदावर मांडलं. दादा जन्मभर ड्राफ्ट्समन होता. अबर्डीन ५७ अक्षांशावर, कांजूर १९ वर. फेब्रुवारीच्या मध्याला भर दुपारी आपला सूर्य क्षितिजापासून ५८ अंश वर असतो, तिचा जेमतेम २०. तिरपं ऊन लांबच्या लांब पसरतं, अंगाला लागत नाही. आणि जे लागतं त्यातलं बरंचसं तो पांढरा रंग परत पाठवून देतो. ‘म्हणजे ते दिसायचं ऊन,’ ताई म्हणाली. ‘खायचं नव्हे.’ ऊन खाणे हा शब्दप्रयोग इंग्रजीत कसा सांगावा हे तिच्या लेकीला चार महिने सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, ११ फेब्रुवारीला, अबर्डीनपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या ब्रेमार गावात उणे २३ अंशांची नोंद झाली होती. ब्रिटनमध्ये २५ वर्षांत इतकी थंडी पडली नव्हती. आम्ही आईला सांगितलं. आईनं उणे म्हणजे किती खाली हे दोनदा विचारून घेतलं आणि मग १९६२ चा विषय काढला नाही. त्या घरात ते पहिल्यांदाच घडलं.

‘आणि हा बर्फ घालवायला काय करतात माहितीये?’ भाचीनं फोन कोपऱ्यावरच्या एका पिवळ्या पेटीकडे वळवला. ‘मीठ टाकतात!’

त्या पेटीत खाणीतलं तांबूस जाडं मीठ असतं. ज्याला लागेल त्यानं फावड्यानं काढून फुटपाथवर पसरायचं. मोठ्या रस्त्यांवर मीठ फेकत जाणारे ट्रक फिरतात. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला आणखी खाली जावं लागतं, त्यामुळे बर्फ सुटायला लागतो. फार कडाका पडला, उणे सात-आठच्या खाली गेलं, की मिठाचाही जोर कमी पडतो. मग आरोग्य खातं लोकांना पेंग्विनसारखं चालायला सांगतं, पाय फाकवून, छोटी पावलं टाकत. त्या ट्रकांना तिथली माणसं गमतीची नावं देतात. वॉल्टर स्कॉट हा त्यांचा थोर कादंबरीकार, म्हणून एका ट्रकचं नाव सर सॉल्टर स्कॉट. हे ऐकून आम्ही सगळे हसलो, पण आई हसली नाही.

‘रस्त्यावर? पायदळी?’ तिनं विचारलं.

आमच्या घरात मीठ सांडणं हा गुन्हा होता. सांडलेलं मीठ मेल्यावर देवाच्या दारी पापण्यांनी वेचावं लागतं, असं आजीनं आम्हाला शिकवलं होतं. डोळे मिटून एकेक खडा पापणीत पकडायचा सराव धाकट्यानं लहानपणीच करून ठेवला होता. आजीचं मिठाशी नातं वेगळं होतं. शिरोडा हे मिठागरांचं गाव. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. बांधावर आलेली माणसं, पोलीस, लाठ्या एवढंच तिला आठवायचं, पण मूठभर मिठासाठी माणसं मार खातात हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मीठ तिच्या दृष्टीनं स्वयंपाकातली साधी वस्तू राहिलं नाही. कांजूरला घर का घेतलं असं कुणी विचारलं, तर बाबा कारखाना म्हणायचे, आजी ‘मिठागर दिसता’ म्हणायची.

‘टनावारी टाकतात आजी,’ अबर्डीनचा आवाज भीत भीत म्हणाला.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तिथल्या नगरपालिकेला पापण्या पुरायच्या नाहीत.’

कॉल संपल्यावर मला जाणवलं की बर्फ हा शब्द आम्हा चौघांच्या तोंडी लहानपणी फक्त उन्हाळ्यात यायचा. गोणपाटात गुंडाळलेली, भुशात लोळवलेली लादी, तिच्यावरून रंधा फिरवून केलेला काला-खट्टा गोळा, कोळणींच्या पाट्यांमधला चुरा. बर्फ म्हणजे मे महिना. थंडीतल्या ज्या पांढऱ्या वस्तू होत्या, तेल, मीठ, हलवा, कोकमाचा गोळा, त्यातली एकही बर्फाची नव्हती. तरी आमच्या पोरीच्या खिडकीतला तो पट्टा दिसला आणि चौघांनाही आपलं घर दिसलं. दुसरं म्हणजे, त्या खोलीत ऊन आत येऊन पलंगाच्या एका कोपऱ्यावर पडलं होतं आणि ती नेमकी त्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. एकटी, अख्खा पट्टा तिचा. तिला सरकवणारं कुणी नव्हतं. हे मी ताईला बोलले नाही. तिनंही पाहिलंच असणार.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते आणि होळी पेटली की पळते, असं आमच्याकडे म्हणतात. शिवरात्रीनंतर आजी खोबरेलाच्या बाटलीकडे बघायची थांबायची. ओट्यावरच्या त्याच पट्ट्यात पापड-कुरडया यायच्या, आणि ज्या उन्हासाठी भांडलो त्याच उन्हापासून आम्ही डोकं लपवायला लागायचो. मिठागराचा खरा हंगाम तेव्हा सुरू व्हायचा. पाऊस येईपर्यंत राशी वाढत राहायच्या, मग त्यांच्यावर गवत पडायचं आणि काश्मीर झाकलं जायचं.

त्या राशी आता महामार्गावरून दिसत नाहीत. गेल्या काही वर्षांत कांजूरचं नाव पेपरात आलं ते जमिनीच्या वादामुळे. २०२० मध्ये मेट्रोची कारशेड आरेहून इथल्या १०२ एकरांवर आणायचं ठरलं. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयानं जमिनीच्या हस्तांतराला स्थगिती दिली. एकरांचे आकडे वाचताना दादा म्हणाला, ‘ह्यातला माझ्या गुडघ्यांचा एकर कुठला?’ खाडी मात्र आहे. तिच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि २०१५ पासून तिचा काही भाग त्यांचं अभयारण्य आहे. आमच्या लहानपणी इतके रोहित आम्ही पाहिले नव्हते. बैठी चाळ गेली, तिच्या जागी सात मजली इमारत आली. माझ्या वाट्याला आलेली खिडकी पूर्वेची आहे. पहाटे मतलई वारा अजून येतो. वासही तोच, त्यात डम्पिंगची भर पडली आहे.

भाची पुढच्या वर्षी घरी आली तेव्हा तिनं सांगितलं की तिथं खोबरेल बाटलीत मिळतच नाही. रुंद तोंडाच्या बरणीत मिळतं, चमच्यानं काढायचं, कारण ते बारा महिने गोठलेलंच असतं. हे ऐकून ताईला वाईट वाटलं. जे कधी सुटतच नाही ते गोठलं हे कळणार कसं?

आजी १९८८ मध्ये गेली. बाटली आता प्लॅस्टिकची आहे, फुटत नाही. तरी डिसेंबर ते फेब्रुवारी मी ती पूर्वेच्या खिडकीत ठेवते. काही हिवाळ्यांत ती जेमतेम चार-पाच सकाळी धरते. धरली की मी फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकते, आणि मुलुंड, डोंबिवली, पुणे, अबर्डीन सगळीकडून एकच उत्तर येतं: ‘थंडी इली!’

तुमच्या घरातही ती बाटली असेलच. या हिवाळ्यात एखाद्या सकाळी ती पालथी करून बघा. आतलं हललं नाही तर घरातल्या सगळ्यांना उठवा, तिला उन्हात ठेवा आणि शेजारी चटई टाका. फक्त उकळतं पाणी ओतू नका.